एनआयसीयूतलं दूध, पोट आणि ती प्रोबायोटिकची पुडी

आमची मुलगी एकतिसाव्या आठवड्यात झाली, वजन १३२० ग्रॅम, माझं बीपी वाढत गेलं आणि डॉक्टर मॅडमनी सांगितलं की आता थांबण्यात दोघींना धोका आहे, सिझेरियन करून टाकू. इंदूरमधलंच हॉस्पिटल, आमच्या रामबागेतल्या घरापासून फार लांब नाही. तेव्हापासून मुलगी घरी येईपर्यंत आणि नंतरही काही महिने जे काही शिकले ते जवळजवळ सगळं तिच्या पोटाबद्दल आहे, म्हणजे आतडी, दूध, शी, आणि मग ती प्रोबायोटिकची, म्हणजे जिवंत चांगल्या जंतूंची, पुडी. हे सगळं लिहून ठेवतेय कारण एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, बाहेर बसलेल्या आईबापांना फुफ्फुसं, ऑक्सिजन, मॉनिटर याबद्दल सगळे सांगतात, पोटाबद्दल मात्र अर्धवट कानावर पडतं आणि तेवढ्यात सही करायचा कागद समोर येतो.

पहिल्या दिवशी मलाही श्वासाचीच भीती होती. सीपॅपवर, म्हणजे नाकातून दाबाने हवा देणाऱ्या मशीनवर, होती ती, नाकाला तो मोठा मास्क आणि खाली एवढासा चेहरा. नवऱ्याने फोटो काढून आणला होता, मी तर टाके घातलेली वॉर्डात पडून. पण बाळांचे डॉक्टर आले ते म्हणाले, फुफ्फुसाचं औषध दिलंय, ती बरी चाललीयेत, आता माझं जास्त लक्ष तिच्या पोटाकडे असेल. मला कळेना पोटाला काय झालं. तर काही झालेलं नव्हतं, होऊ शकतं म्हणून. वेळेआधी झालेल्या बाळाचं आतडं कच्चं असतं, त्याची हालचाल नीट नसते, आतला थर पातळ असतो आणि जंतू आरपार जाऊ शकतात. त्यातून एक आजार होतो, पूर्ण नाव नेक्रोटायझिंग एंटेरोकोलायटिस, युनिटमध्ये सगळे नुसतं नेक म्हणतात. आतड्याच्या भिंतीला सूज येते, काही भाग मरतो, कधी भोक पडतं आणि ऑपरेशन करावं लागतं, काही बाळं जातात. दीड किलोच्या आतल्या बाळांना हा धोका सगळ्यात जास्त. आणि वाईट गोष्ट ही की बाळ श्वासातून सावरलेलं असतं, घरचे जरा निश्वास सोडतात, दूध वाढत असतं, आणि तेव्हाच हा येतो.

मी विचारलं की मग आपण काय करू शकतो, तर डॉक्टरांनी एका शब्दात सांगितलं, दूध. तुमचं.

आता दूध म्हणजे काय होतं तेव्हा. सिझेरियननंतरचे पहिले तास, बाळ जवळ नाही, छातीत काही भरल्यासारखं नाही. सिस्टर आली, केरळची होती, हिंदी तिचं अगदी खणखणीत, म्हणाली, "मम्मी, जितना निकले उतना दो, दो बूँद भी चलेगा." हाताने दाबून काढायचं शिकवलं तिने, पंप नंतर. पहिल्यांदा सिरिंजच्या टोकाला जे पिवळं लागलं ते बघून मला रडू आलं की हे काय कमी आहे, पण ती ते असं सांभाळून घेऊन गेली की जणू सोनं नेतेय. ते चीक बाळाच्या गालाच्या आत बोटाने लावतात, पोटात नाही, फक्त तोंडात, कारण त्यातल्या अँटिबॉडीज तोंडातल्या त्वचेला लागल्या तरी उपयोग आहे. मग हळूहळू तोंडातून पोटात गेलेल्या नळीतून दूध सुरू झालं, दर दोन तासांनी दोन मिली. दोन मिली! चमचाभर पण नाही. त्याने पोट भरत नाही, पोट भरायला वरून सलाईनमधून ताकद जातच होती. हे दोन मिली आतड्याला जागं ठेवायला असतात, ते रिकामं राहिलं तर आतला थर आणखी सुकतो.

रात्री पण तीन तासांनी उठून दूध काढायचं. मी वॉर्डात होते तोवर ठीक, डिस्चार्ज मिळाल्यावर घरून. सासूबाई रोज अळिवाची खीर, बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, डिंकाचे लाडू. गजर त्यांच्या मोबाईलवर लावलेला, त्या उठून मला उठवायच्या, पाणी गरम करून पंपाचे भाग उकळायच्या, बाटलीवर तारीख वेळ लिहायच्या, आणि पहाटेचं दूध बर्फाच्या डब्यातून माझा नवरा ऑफिसच्या आधी पोचवायचा. बाकी कोणी काही म्हणो, त्या दिवसांत त्या बाईने माझ्याइतकीच त्या मुलीला पाजलं असं मी मानते.

दुधाचं एवढं काय हे मला कळलं ते एका दुपारी, राउंड संपल्यावर डॉक्टर जरा निवांत होते तेव्हा. त्यांनी सांगितलं की आईच्या दुधात लॅक्टोज आणि चरबी यांच्यानंतर तिसऱ्या नंबरवर जी गोष्ट असते ती बाळाला पचतच नाही. एक प्रकारच्या साखरेच्या साखळ्या असतात, बाळाकडे त्या तोडायला एन्झाइम नाही. मग निसर्गाने त्या घातल्या कशाला? तर त्या जंतूंसाठी आहेत. बायफिडोबॅक्टेरियम नावाचे जंतू, त्यातही इन्फँटिस नावाचा एक प्रकार, तो या साखरेवर जगतो, त्यातून आम्ल तयार करतो, बाळाच्या शीचा आंबूसपणा त्यामुळेच, आणि त्या आंबट वातावरणात त्रास देणारे जंतू वाढत नाहीत. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आँरी तिसिए नावाच्या डॉक्टरला १८९९ च्या सुमारास आईच्या दुधावरच्या बाळांच्या शीत हे जंतू सापडले होते, म्हणजे गोष्ट शंभर सव्वाशे वर्षं जुनी आहे. आमच्या मुलीचं असं झालं की पोट फाडून बाहेर आलेली, जन्मताच अँटिबायोटिक, काचेच्या पेटीत, आईची कातडी लागलेली नाही, तिच्या आतड्यात पहिले कोण येणार? हॉस्पिटलचे जंतू. पेरणी व्हायच्या आधीच तण माजलं तर शेताचं काय होतं हे माळव्यात कोणाला सांगायला नको.

दूध दोनाचं तीन, तीनाचं पाच असं वाढत चाललेलं. आणि मग ती संध्याकाळ.

मी भेटायला गेले तर सिस्टर पोटाभोवती टेप लावत होती. रोज मोजतात, पण या वेळी तिने दोनदा मोजलं आणि डॉक्टरांना फोन केला. पोट तट्ट फुगलेलं, वरची कातडी चकाकत होती. नळीतून मागे ओढल्यावर दूध येतं कधी कधी, ते चालतं, पण त्या दिवशी हिरवट आलं. हिरवं म्हणजे पित्त, म्हणजे खाली काहीतरी अडलंय किंवा आतडं चालत नाहीये. पाचच मिनिटांत दूध बंद, नळी उघडी ठेवली हवा निघायला, रक्त घेतलं, पेटीपाशीच एक्सरे मशीन आलं. एक्सरेत ते शोधतात की आतड्याच्या भिंतीत हवेचे बुडबुडे दिसतात का, दिसले तर नेक पक्का. मला बाहेर बसवलं. बाहेर नवरा, त्याच्या शेजारी माझे वडील, कोणी काही बोलत नव्हतं. सासूबाई तिथूनच रिक्षा करून खजराण्याच्या देवळात गेल्या आणि गणपतीच्या मागे नवसाचा उलटा सातिया, म्हणजे स्वस्तिक, काढून आल्या, हे मला नंतर कळलं.

बुडबुडे नव्हते. सीआरपी, म्हणजे रक्तातली सूज-इन्फेक्शनची खूण, थोडं वाढलेलं, प्लेटलेट ठीक, शीत रक्त नाही. डॉक्टर म्हणाले, संशय धरून चालू, दूध काही दिवस बंद, अँटिबायोटिक, हातातून एक लांब बारीक लाईन टाकून ताकदीचं सलाईन, आणि दर काही तासांनी पोट बघू. त्यांनी हे पण सांगितलं की संशयाच्या पायरीवर थांबलेल्या बऱ्याचशा बाळांना पुढे काही होत नाही, पण कोणाला होईल हे आधी कळत नाही म्हणून सगळ्यांना असंच सांभाळावं लागतं. मला ते पटलं. त्यांनी खोटा धीर दिला नाही हे मला आजही आवडतं.

त्या दिवसांत एक गोष्ट फार कठीण गेली ती म्हणजे दूध काढत राहणं. बाळ पीत नाहीये, बाटल्या फ्रीजरमध्ये जाताहेत, रात्री तीन वाजता कोणासाठी उठायचं. पण सिस्टरने बजावलेलं की अभी छोड़ा तो फिर नहीं आएगा. ज्यांच्या बाळाचं दूध बंद केलंय त्यांनी हे मनावर घ्या, त्या दिवसांत काढलेलंच दूध नंतर पहिलं दिलं जातं.

पोट उतरलं. मऊ पडलं. तिने शी केली आणि सिस्टरने मला डायपर उघडून दाखवला, आम्ही दोघी हसत होतो. दूध परत दोन मिलीपासून. आणि त्याच राउंडला प्रोबायोटिकचा विषय निघाला.

डॉक्टर म्हणाले, आमच्या युनिटमध्ये बत्तीस आठवड्यांच्या आतल्या आणि आईच्या दुधावर असलेल्या बाळांना आम्ही दूध सुरू झालं की प्रोबायोटिक देतो, तिचं मध्येच दूध बंद झालं म्हणून थांबलो होतो, आता सुरू करायचं का, पण आधी तुम्ही दोघं नीट समजून घ्या, घाई नाही. आणि खरंच बसवून सांगितलं. माझा धाकटा भाऊ फार्मसी शिकलेला आहे, त्याला फोनवर घेतलं, तो तिकडून प्रश्न विचारत होता. त्या तासाभरात आणि नंतर भावाने शोधून वाचून दाखवलेल्यात जे कळलं ते असं.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये एक मोठा अभ्यास झालेला, २०१३ मध्ये छापून आला, बत्तीस आठवड्यांच्या आतली आणि दीड किलोच्या आतली १०९९ बाळं, तीन जंतूंचं मिश्रण. न दिलेल्यांमध्ये नेक ४.४ टक्के बाळांना, दिलेल्यांमध्ये २ टक्के. म्हणजे निम्म्याहून कमी. रक्तातलं इन्फेक्शन मात्र फारसं कमी झालं नाही. हे ऐकून मी म्हणाले मग द्या ना, विचारता काय. तर ते म्हणाले थांबा. इंग्लंडमध्ये तसाच मोठा अभ्यास, २०१६ चा, १३१५ बाळं, आणखी लवकर झालेली, जंतू वेगळा, ब्रेव्हे नावाचा, एकटाच. काहीच फरक पडला नाही. नेक दोन्हीकडे सारखाच, दहा टक्क्यांच्या आसपास. त्यात आणखी एक गोष्ट दिसली जी मला अजून विचित्र वाटते, ज्या बाळांना नुसती खोटी पुडी दिली होती त्यांच्यातल्याही जवळपास निम्म्या बाळांच्या शीत तो जंतू सापडला, म्हणजे शेजारच्या पेटीतून, हातांवरून पसरलेला. तेव्हा भाऊ म्हणाला, ताई, यावरूनच कळतं की नर्सरीत हात धुणं किती मोठी गोष्ट आहे, चांगला जंतू असा पसरतो तर वाईट पण असाच पसरतो.

तर मुद्दा हा की प्रोबायोटिक हे एक औषध नाहीच. कोणता जंतू, कोणता उपप्रकार, एकटा की मिश्रण, किती कोटी, कोणत्या बाळाला, यावर सगळं अवलंबून. एका जंतूचा फायदा दुसऱ्याच्या डब्यावर लिहून चालत नाही. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि हेच बाहेर कोणी सांगत नाही, टीव्हीवर गुड बॅक्टेरिया म्हणून एकच शब्द असतो आणि दही, पुडी, थेंब सगळं एकाच ओळीत.

मग धोका. जिवंत जंतू आहेत, आणि आतडं कच्चं, त्यामुळे तोच जंतू रक्तात जाऊ शकतो. क्वचित होतं, पण होतं. अमेरिकेत २०२३ मध्ये एक किलोपेक्षा कमी वजनाचं एक बाळ गेलं, त्याच्या रक्तात तोच इन्फँटिस सापडला जो त्याला पुडीतून दिलेला, आणि तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधं मंजूर करणाऱ्या सरकारी संस्थेने, सगळ्या डॉक्टरांना पत्र काढून सावध केलं की ही उत्पादनं नवजात बाळांसाठी औषध म्हणून मंजूर नाहीत. त्याआधी २०१४ मध्ये अमेरिकेतच एका पुडीत बुरशी निघाली होती आणि एक कमी दिवसांचं बाळ आतड्याच्या बुरशीच्या इन्फेक्शनने गेलं. म्हणजे जंतू चांगला असला तरी पुडी शुद्ध आहे का हा वेगळाच प्रश्न. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सरसकट देऊ नका म्हणते, विशेषतः एक किलोच्या खाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये म्हटलंय की बत्तीस आठवड्यांच्या आतल्या, आईच्या किंवा दान केलेल्या मानवी दुधावरच्या बाळांना देण्याचा विचार करता येईल. विचार करता येईल, एवढंच. दोन्ही बाजूंचे शहाणे लोक एकाच आकड्यांकडे बघून थोडं वेगळं बोलतात, कारण नेक किती होतो, पुडी कोणती मिळते, दूध कोणाचं मिळतं हे सगळीकडे वेगळं आहे.

माझ्या वडिलांनी पेपरात वाचलेलं ओडिशाचं काढलं. ते खरं आहे, आपल्याच देशातलं आहे आणि मला अभिमान वाटतो त्याचा. डॉ. पिनाकी पाणिग्रही यांच्या टीमने ओडिशाच्या खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात बाळांना आठवडाभर लॅक्टोबॅसिलस प्लँटेरम आणि सोबत त्याचं खाद्य म्हणून एक साखर दिली, दोन महिने बघितलं, आणि गंभीर इन्फेक्शन किंवा मृत्यू ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आला. २०१७ मध्ये नेचर मासिकात आलं. पण डॉक्टरांनी लगेच सांगितलं, काका, ती बाळं दोन किलोच्या वरची, पस्तीस आठवड्यांच्या पुढची, घरी आईजवळ असलेली. आपली नात त्यात बसत नाही. त्यावरून तिला द्या असंही म्हणता येत नाही आणि देऊ नका असंही नाही. वडील गप्प झाले पण समाधानाने, कारण कोणीतरी त्यांचं ऐकून घेऊन उत्तर दिलं होतं.

आम्ही जे विचारलं ते लिहिते, कोणाला उपयोगी पडेल. पुडीवर जंतूचं पूर्ण नाव आणि पुढचा कोड लिहिलाय का. त्याच जंतूंचा इतक्या लहान बाळांवर अभ्यास झालाय का. फ्रीजमध्ये ठेवायची आहे का आणि इथे खरंच ठेवतात का. पुडी कोण उघडतं आणि कुठे, कारण पावडर उडते आणि तेच हात सलाईनच्या लाईनला लागले तर जंतू सरळ रक्तात. पोट परत फुगलं तर लगेच बंद करणार का. बाळ आजारी पडलं तर रक्ताच्या तपासणीत हा जंतू लॅबला शोधता येईल का. शेवटचा प्रश्न भावाचा, त्यावर डॉक्टर म्हणाले छान विचारलंत, लॅबला आम्ही कळवून ठेवतो की बाळ प्रोबायोटिकवर आहे. पुडी वेगळ्या टेबलावर, माझ्याच दुधात मिसळून, मग हात धुऊन ग्लोव्ह्ज बदलून. ते आम्हाला काचेतून दाखवलं सुद्धा.

आम्ही हो म्हणालो. वजन तेराशेच्या पुढे, दूध माझंच, पोट शांत, जंतूंचं मिश्रण अभ्यास झालेलं, आणि युनिट काळजी घेणारं. यातली एक जरी गोष्ट नसती, समजा नऊशे ग्रॅमची असती किंवा पुडीवर नुसतं प्रोबायोटिक एवढंच छापलेलं असतं, तर मी नाही म्हणाले असते आणि मला वाटतं डॉक्टरांनी पण दिलं नसतं.

दिल्यावर काय झालं? काही नाटकी नाही. दूध वाढत गेलं, पोट परत फुगलं नाही, लाईन निघाली, शी पिवळी झाली. हे पुडीमुळे की दुधामुळे की ती तशीच बरी होणार होती हे एका बाळावरून सांगता येत नाही आणि मी सांगणार पण नाही. मला विचाराल तर पहिलं श्रेय दुधाचं, मग कांगारूचं.

कांगारू केअर म्हणजे उघड्या छातीवर उघडं बाळ, वरून पट्टा. सीपॅप निघायच्या आधीच सुरू केलं होतं त्यांनी. माझ्या अंगावरचे जंतू तिच्या अंगावर यायचे ते यातूनच, आणि तिला धरून बसले की त्यानंतर पंपाला दूध जास्त यायचं, हे मी बाटलीवरच्या खुणांनी बघितलंय. आपल्या देशासकट पाच देशांत झालेला एक अभ्यास २०२१ मध्ये आला त्यात जन्मल्यावर लगेच कांगारू सुरू केलेल्या लहान बाळांचे मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. नवरा पण बसायचा, शर्टाची बटणं उघडून, आधी लाजत होता मग तर माझ्याशी भांडायचा की माझी पाळी आहे.

घरी आलो आणि खरी परीक्षा सुरू झाली, कारण घरात गुटी उगाळायची सहाण धुऊन तयार होती. वेखंड, जायफळ, हळकुंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, खारीक, बदाम, सगळं सासूबाईंनी राजवाड्याच्या मागच्या त्यांच्या जुन्या दुकानातून आणून उन्हात वाळवून ठेवलेलं, मधाची बाटली पण. त्यांच्या तीनही मुलांना दिलेली, माझ्या नवऱ्याला पण. मी काय बोलणार? ज्या बाईने रात्र रात्र माझ्यासोबत जागून बाटल्या उकळल्या तिला मी नाही म्हणू? मी म्हणाले, आई, पहिल्या फॉलोअपला तुम्हीच चला आणि तुम्हीच विचारा.

त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी अजिबात हसण्यावारी नेलं नाही. म्हणाले, आजी, सहा महिने फक्त आईचं दूध, पाणी पण नाही. मध तर वर्षभर नाही, त्यात एका जंतूचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांना काही होत नाही पण बाळाच्या आतड्यात ते उगवून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. आणि सहाणेच्या खाचेत ओल राहते, त्यात काय वाढतं ते दिसत नाही. तिच्या आतड्यात आत्ता आत्ता चांगले जंतू घर करतायत, त्यांना फक्त आईच्या दुधातली साखर लागते, बाकी काही गेलं की त्यांची जागा दुसरे घेतात. सासूबाई म्हणाल्या, मग धुरी? ओवा शेपाची? तर म्हणाले, धूर नको, फुफ्फुसं नाजूक आहेत, तेल लावा हलक्या हाताने. येताना रिक्षात त्या बराच वेळ बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, आमच्या वेळी इतक्या लहान पोरी जगतच नव्हत्या गं, त्यामुळे कोणाला माहीत असणार. गुटीचं सगळं त्यांनी डब्यात भरून वर ठेवलं, बाळंतशेपा तेवढा माझ्या जेवणानंतर मला.

नंतर पोटात दुखण्याचा काळ आला, संध्याकाळ झाली की रडणं, पाय पोटाशी, चेहरा लाल. शेजारच्या काकू म्हणाल्या, मेडिकलवर ते छोट्या प्लास्टिकच्या कुप्यांमधलं मिळतं, एक फोडून दे, आमच्या नातवाला देतो. मेडिकलवाल्याने प्रिस्क्रिप्शन न मागता तीन वेगवेगळी उत्पादनं काउंटरवर मांडली, एक कुपी, एक पुडी, एक थेंबांची बाटली, सगळ्यांवर प्रोबायोटिक. मी तिन्हींचे फोटो काढून डॉक्टरांना पाठवले. उत्तर आलं की कुपीत बॅसिलसचे बीजाणू आहेत आणि पुडीत यीस्ट आहे, दोन्हीचं तिला आत्ता काही काम नाही. थेंबांत लॅक्टोबॅसिलस रॉयटेरीचा एक प्रकार आहे, त्याने आईच्या दुधावरच्या बाळांचं असं रडणं कमी होतं असं काही अभ्यासांत दिसलंय, पण ते अभ्यास वेळेवर झालेल्या बाळांवरचे, हिचं वजन नीट वाढतंय, ताप नाही, उलटी हिरवी नाही, शीत रक्त नाही, तर थांबू या. एकाच काउंटरवर एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी, आणि मागणारी आई न झोपलेली. दुकानदाराला हे विचारायला सांगायला हवं कोणीतरी, की बाळ किती आठवड्यांचं झालं होतं.

रडणं हळूहळू कमी झालं, आम्ही खांद्यावर टाकून गच्चीत फेऱ्या मारायचो, कधी नवरा, कधी वडील. मधे एकदा सर्दी झाली तेव्हा दुसऱ्या एका ठिकाणी लगेच अँटिबायोटिक लिहून दिलं, आम्ही ते घ्यायच्या आधी आमच्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनी तपासून नको म्हणून सांगितलं, व्हायरल आहे, कशाला तिच्या आतड्यातली वस्ती उठवायची. लागेल तेव्हा द्यावंच लागतं, जन्मल्यावर दिलं म्हणून तर ती आहे, पण नाकातल्या पाण्याला नाही.

सध्या घरात थेंब दोनच चालू आहेत, लोह आणि व्हिटॅमिन डी, दोन्ही प्रिस्क्रिप्शनवर लिहिलेले. दूध अजून माझंच. सासूबाईंनी नाचणी भिजवून मोड आणून सत्व करायची तयारी केलीये, पण ते सुरू कधी करायचं, जन्मतारखेपासून सहा महिने धरायचे की ड्यू डेटपासून, हे पुढच्या फॉलोअपला विचारायचं आहे आणि या वेळी पण त्याच विचारणार आहेत.